रिकामं पुस्तक कसं परत करायचं?

पुणे स्टेशनावर हमालानं माझी पत्र्याची ट्रंक उचलली, दोन पावलं चालला आणि पुन्हा खाली ठेवली. आत काय आहे, असं त्यानं विचारलं. पुस्तकं, असं सांगितल्यावर त्याचा चेहराच उतरला. काहीतरी पुटपुटत त्यानं जोडीदाराला हाक मारली आणि दोघांनी मिळून ती डब्यात चढवली. मी मागून पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा सांभाळत चालले होते. फेब्रुवारी संपत आला होता आणि मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावाला माझी पुस्तकं बघायला निघाले होते.

बघायला म्हणजे काय, ते सांगते. मी बत्तीस वर्षं एका शाळेत ग्रंथपाल होते. मुलं पाठीमागे मला ‘शिक्का’ म्हणत, आणि हे मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुस्तक सात दिवसांत परत, आठव्या दिवशी दंड, पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तर वर्गशिक्षकांकडे चिठ्ठी. निवृत्त झाल्यावर मी ग्रंथालयाच्या प्रमाणपत्र वर्गाला अधूनमधून शिकवायला जात असे. तिथे मला वंदना भेटली. ती तेव्हा बहिणीकडे पुण्यात राहत होती. पहिल्या बाकावर बसायची आणि मी खोकले तरी लिहून घ्यायची. आपल्या गावात वाचनालय काढायचं तिनं ठरवलं होतं, आणि तिनं ते खरोखर काढलं. माझं घर पुस्तकांनी भरून वाहत होतं, म्हणून दोन ट्रंका भरतील एवढी पुस्तकं मी तिला पार्सलनं पाठवून दिली. तिसरी ट्रंक आता मी स्वतः घेऊन चालले होते, कारण तिचा फोन आला होता.

वंदनाचं वाचनालय एका बंद पडलेल्या दूध डेअरीच्या खोलीत होतं. खोलीच्या मालकाला हळद साठवायला जागा हवी होती, म्हणून पाडव्यापर्यंत खोली रिकामी कर असं त्यानं तिला सांगितलं होतं. दुसरी जागा गावात नव्हती. एकच आशा होती. त्याच गावात वाढलेले आणि आता छत्रपती संभाजीनगरात इमारतींची कंत्राटं घेणारे उत्तमराव वडिलांच्या नावानं गावात काहीतरी बांधणार होते. वंदना म्हणत होती वाचनालय बांधा, आणि माजी सरपंच सदाशिवराव म्हणत होते वेशीवर कमान बांधा. उत्तमराव रविवारी येऊन काय ते ठरवणार होते. “मॅडम, तुमी आलात तर आमची बाजू जरा जड होईल,” असं वंदना फोनवर म्हणाली. म्हणून मी ट्रंक भरली.

परभणीला उतरून हिंगोलीची एसटी पकडली. ट्रंक दोन सीटांमधल्या वाटेत ठेवली आणि कंडक्टरनं तिला जवळजवळ पूर्ण तिकीट लावलं. आत पुस्तकं आहेत म्हटल्यावर तो गंभीर झाला, पंचिंगचं यंत्र खाली घेतलं आणि हळू आवाजात त्यानं विचारलं, “बाई, घरातलं कोनी गेलं काय?” एवढी पुस्तकं घराबाहेर निघतात ती माणूस गेल्यावरच, असा त्याचा अनुभव असावा. मी म्हटलं, माझीच आहेत आणि मी जिवंत आहे. त्याचं पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही, पण त्यानं मला खिडकी उघडून दिली.

औंढा नागनाथला गाडी बरीच थांबली. दर्शन करून आलेल्या बायांनी ती भरली. त्यातल्या एका धिप्पाड आजीबाई सरळ माझ्या ट्रंकेवर बसल्या. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या हातावर प्रसादाचे फुटाणे ठेवले. प्रसाद हातात असताना माणसाला ऊठ म्हणता येत नाही. हिंगोली येईपर्यंत त्या ट्रंकेवर बसून मला सुनेच्या बाळंतपणाची सगळी हकिकत सांगत होत्या आणि मी फुटाणे खात होते. बाहेर हरभरा काढणीला आला होता, मधूनच एखाद्या शेतात वाफेचे लोट उठत होते आणि गाडीत हळद शिजल्याचा कडवट-गोड वास शिरत होता. हळदीच्या दिवशी लग्नघरात शिरल्यासारखं वाटलं मला त्या वासानं.

हिंगोलीच्या स्टँडवर रिक्षावाल्यानं ट्रंक बघून “मॅडम, ये तो दो सवारी का वजन है,” असा हिशेब केला. तिथून वाशीमची गाडी आणि कनेरगाव नाका. वंदना धाब्याच्या बाहेर उभी होती. माझ्या पाया पडायला ती वाकली तर मी तिला पाठ सरळ ठेव म्हणून दटावलं, सवय. धाब्यावर पिठलं, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला. मला तिखट चालतं, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं होतं. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी सुरू झालं ते गावात पोचेपर्यंत. धाबेवाला ताकाचा तांब्या माझ्यापुढे ठेवून काही न बोलता निघून गेला, हा त्याचा सभ्यपणा मी विसरणार नाही.

नाक्यापासून गावापर्यंत टमटमनं (सहा माणसांची रिक्षा, ज्यात बाराजण बसतात) गेलो. वाटेत दोन गावं लागली आणि दोन्हींना कमानी होत्या. पहिलीवर एका दिवंगत आजोबांचं नाव सिमेंटच्या कमळात लिहिलेलं होतं. दुसरी एवढी ठेंगणी बांधली होती की कापसाचा ट्रक तिच्याखालून जात नसे. म्हणून सगळी वाहनं शेजारच्या शेतातून वळसा घालून गावात शिरत, आणि तो वळसाच आता पक्का रस्ता झाला होता. कमानीखाली दोन म्हशी सावलीला बसल्या होत्या. आपलं गाव मात्र बिनकमानीचं आहे, याचं सदाशिवरावांना किती वाईट वाटत असेल ते मला तिथे कळलं.

डेअरीच्या भिंतीवर ‘दूध संकलन केंद्र’ ही अक्षरं पुसट दिसत होती आणि त्यावर वंदनानं ‘सार्वजनिक वाचनालय’ असा फलक लावला होता. आत चार टेबलं, दोन बाकं, वर एक पंखा. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात एका गृहस्थांचं नाव आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं होतं. पंखा बंद होता आणि आत पोलीस भरतीचा अभ्यास करणारी तीन-चार तरुण मंडळी घाम पुसत बसली होती. पंखा का लावत नाही, असं मी विचारलं. वंदना म्हणाली, पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून देणाऱ्याचा मुलगा रोज दुपारी येऊन तो बंद आहे ना ते बघून जातो.

मग मी पुस्तकांच्या मांडणीकडे वळले आणि मला घेरी यायची बाकी राहिली. पाच खणांची मांडणी होती. वरच्या खणात तीन पुस्तकं होती, त्यातलं एक शिवणकामाचं. बाकीचे खण लख्ख पुसलेले आणि रिकामे होते. माझी दोन ट्रंका पुस्तकं, बत्तीस वर्षांत पगारातून एकेक करून घेतलेली. मी वंदनाकडे बघितलं ते बहुतेक फार वाईट बघितलं असणार.

“पुस्तकं हायेत ना मॅडम,” ती घाईघाईनं म्हणाली. “सगळी घरोघर हायेत.”

तिनं नोंदवही पुढे केली. वही मी शिकवल्याप्रमाणे होती, अक्षर न् अक्षर. पुस्तक दिल्याची तारीख होती, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा होता. परत आल्याच्या रकान्यात मात्र काही नव्हतं. सहा महिने, आठ महिने. मी विचारलं, दंड का लावला नाहीस. तिनं उठून कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. मला वाटलं आत पुस्तकं असतील. आत तुरीच्या डाळीच्या बरण्या होत्या, पापडांची चळत होती, तीन प्रकारची लोणची होती, जवस, तीळ, हळकुंडं आणि एक भोपळा.

झालं होतं ते असं. वाचनालय सुरू झाल्यावर पहिलं पुस्तक एका शेतकऱ्याच्या बायकोनं नेलं. वाचून झाल्यावर तिनं ते परत आणलं आणि सोबत कागदाच्या पुडीत मूठभर तीळ आणले. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्याकडे घरोघर चालतं. तिनं पुस्तकालाही तोच न्याय लावला. दुसरीनं ते बघितलं आणि पापड आणले. महिन्याभरात सगळ्या गावाचा तो रिवाजच झाला. ज्यांच्या घरात द्यायला काही होतं त्यांची पुस्तकं आली आणि लगेच दुसऱ्यांकडे गेली. ज्यांच्याकडे त्या वेळी काही नव्हतं त्यांनी पुस्तकं ठेवून घेतली, हंगाम येऊ दे म्हणून. असं करता करता सगळीच पुस्तकं तसल्या घरांत जाऊन थांबली. आलेलं धान्य वंदना स्वतःच्या घरी नेत नसे. दर गुरुवारी ती अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी खिचडी टाकायची, त्यामुळे गुरुवारी हजेरी चांगली असे.

मी तिला सांगितलं की हा शुद्ध गोंधळ आहे. माझ्या तिसऱ्या ट्रंकेनं फार तर एक खण भरणार, उत्तमराव रविवारी येणार, त्यांना बाकीची रिकामी मांडणी दिसणार आणि ते कमान बांधून मोकळे होणार. तिनं मान हलवली. तिला हे माझ्याआधीच कळलं होतं, तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. शनिवारी आपण दोघी घरोघर जाऊन पुस्तकं गोळा करू, असं मी जाहीर केलं. वसुलीचा मला अनुभव होता.

शनिवारी सकाळी आधी एका शेतावर गेलो. मोठ्या कढईत हळद शिजत होती आणि मालक, त्याची बायको आणि चार मजूर पिवळेधमक झालेले होते. त्याच्याकडे विहिरींवरचं एक पुस्तक होतं. ते त्यानं धुतलेल्या पंच्यात गुंडाळून झोपडीच्या आढ्याला टांगून ठेवलं होतं, उंदरांनी खाऊ नये म्हणून. माझ्या शाळेत कुणी पुस्तक एवढं जपलं नाही. तो म्हणाला, पुस्तक बराबर आहे, एक पान इकडचं तिकडं नाही, पण हळद शिजून राहिली, वाळली की घेऊन येतो. मी म्हटलं, आत्ताच द्या, हळद नको. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी त्याच्या घरी जेवायला येऊन ताट लाथाडलं असावं.

पुढचं घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं. तिनं एक कादंबरी सात महिन्यांपूर्वी नेली होती आणि मधल्या काळात पुन्हा पुन्हा वाचली होती. नायिकेनं तिसऱ्या प्रकरणात घर सोडायलाच नको होतं, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते तिनं मला कापड बेतता बेतता पटवून दिलं. पुस्तक परत का केलं नाही, यावर तिनं अंगणातल्या एका कोंबडीकडे बोट दाखवलं. अंडी द्यायची असं ठरलं होतं आणि कोंबडी घालत नव्हती. ती कोंबडी आमच्याकडे एक डोळा करून बघत होती, आणि तिला आपल्यावर वाचनालयाचं भवितव्य अवलंबून आहे याची काही कल्पना दिसली नाही.

दुपारपर्यंत आम्ही अकरा घरं फिरलो आणि एकही पुस्तक हातात पडलं नाही. प्रत्येक घरी चहा मात्र झाला. शेवटी गयाबाईंच्या घरी आलो. एकट्या राहणाऱ्या, वय झालेल्या, पाठीत वाकलेल्या. त्यांना वाचता येत नाही. वंदना सभासद करायला दारात आली तेव्हा पोरीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी एक पुस्तक ठेवून घेतलं होतं. ते पुस्तक मी दारातूनच ओळखलं. तो माझा नकाशांचा जाडजूड ग्रंथ होता, मला शाळेत बक्षीस मिळालेला. गयाबाई रोज एक पान उघडून बघत. हिरवं काय, निळं काय, एवढं मोठं निळं कशाला, असं त्यांनी मला विचारलं. मी समुद्र सांगितला. त्यांनी समुद्रावर हात फिरवला.

पुस्तक परत करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनी फळीवरचा एक पितळी डबा दाखवला आणि म्हणाल्या, हेही असंच राहिलंय. शेजारणीनं भरून पाठवला होता, तेव्हा परत भरायला घरात काही नव्हतं, पुढे चार दाणे आले तर शेजारीणच राहिली नाही. आता कुणाला द्यायचा. मी शिक्का असल्यामुळे त्यांना समजावलं की वस्तू वेळेत परत करणं महत्त्वाचं, भरलेली की रिकामी ते महत्त्वाचं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला गुळाचा खडा दिला.

संध्याकाळी मी माझी आयुष्यातली मोठी चूक केली. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मी स्वतः घोषणा दिली. शुद्ध, स्वच्छ उच्चारात सांगितलं की नागरिकांनी पुस्तकं उद्या सकाळी जमा करावीत, सोबत काहीही आणू नये, कोणतीही वस्तू स्वीकारली जाणार नाही. मला ती घोषणा फार छान वठली असं वाटलं. मी वंदनाच्याच घरी उतरले होते; अर्ध्या तासात तिची आई चुलीपाशी येऊन बसली आणि गावात काय चाललंय ते सांगितलं. लोक दुखावले होते. आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही काय, असं विचारत होते. दोन-तीन घरांत तर मला विटाळ मानणारी ठरवून टाकलं होतं. वंदनाचं घर बौद्ध वस्तीतलं, त्यामुळे तिच्या आईला या वाक्याचं वजन माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती मला रागावली नाही. फक्त म्हणाली, “बाई, देनाऱ्याचा हात मागं सारू न्हाई. लागते ते.” मला लाज वाटली, खरोखर लाज वाटली, आणि मी जेवणार नाही असं म्हणणार होते, पण धपाटे फार चांगले झाले होते.

रविवारी सकाळी वंदना एकटीच भोंग्यापाशी गेली. मी अंगणात तोंड धूत होते, मला सगळं ऐकू आलं. तिनं पुस्तकांचं नावच घेतलं नाही.

“पुण्याच्या मॅडम उद्या घरी चालल्या,” ती म्हणाली. “त्येंनी आपल्यासाठी ट्रंक भरून पुस्तकं आनली. ट्रंक आता रिकामी झाली. येवढंच सांगायचं व्हतं.”

भोंगा बंद झाला. लगेच गावात दारं वाजायला लागली.

दहाच्या सुमाराला मी डेअरीच्या खोलीत रिकामी ट्रंक उघडी टाकून बसले होते आणि रांग मारुतीच्या पारापर्यंत गेली होती. पाहुणीची ट्रंक रिकामी जाणार म्हणजे सगळ्या गावाची शोभा. ज्याच्या घरी जे होतं ते त्यानं आणलं, आणि येताना काखेत पुस्तक आणलं, कारण ट्रंकेत टाकायला मूठभर काही हाताशी लागलंच होतं तर पुस्तकाचंही त्यातच भागत होतं. पंखेवाल्याचा मुलगाही आला आणि पाहुण्यांसाठी पंखा लावायला त्यानं परवानगी दिली, मात्र नाव दिसेल इतका हळू. मांडणी भरली, टेबलं भरली, बाकांखाली पुस्तकं गेली. माझी ट्रंक एकीकडून भरत होती आणि वंदना दुसरीकडे नोंदवहीत परतीच्या तारखा लिहीत होती. शिवणकाम करणारी बाई हातात एक अंडं घेऊन आली. कोंबडीनं पहाटे घातलं होतं. ते ट्रंकेत ठेवता येईना म्हणून मी ते शेवटपर्यंत हातात धरून बसले.

अशा वेळी उत्तमराव आले. पांढरी सफारी, मोठी गाडी, सोबत सदाशिवराव कमानीचा नकाशा गुंडाळी करून काखेत घेतलेले. उत्तमराव दारात थबकले. रांग बघितली, भोपळा बघितला, एका हातात अंडं धरलेली मी बघितली, आणि त्यांनी विचारलं की हे वाचनालय आहे की शनवारचा बाजार. सदाशिवराव लगेच म्हणाले की हेच तर आम्ही सांगत होतो, त्यापेक्षा कमान बरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते, वडिलांचं नाव लांबून वाचता येतं. वंदनानं बोलायला सुरुवात केली, पण तिनं आठवडाभर पाठ केलेलं सगळं ती विसरली होती. मी बोलणार होते, पण माझ्या हातात अंडं होतं आणि अंडं हातात असलेल्या बाईचं कुणी ऐकत नाही.

तेवढ्यात रांगेतून गयाबाई पुढे आल्या. डोक्यावर नकाशांचा ग्रंथ घेतलेला, हातात तो पितळी डबा. ग्रंथ त्यांनी वंदनाच्या टेबलावर ठेवला. डबा घेऊन त्या उत्तमरावांसमोर उभ्या राहिल्या.

“उत्तम, हा तुझ्या मायचा हाय बाबा,” त्या म्हणाल्या. “तू धावी पास झालास तवा तिनं गूळ भरून धाडला व्हता. माझ्या घरात परत भरायला काही नव्हतं. घे आता.”

उत्तमरावांनी डबा घेतला. आत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ होता. त्यांनी डब्याच्या अंगावर बोट फिरवलं आणि डबा उजेडाकडे वळवला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. ‘चि. सौ. कां. चंद्रभागा’ आणि खाली माहेरच्या गावाचं नाव. लग्नात आईबापांनी दिलेला असणार. ते एकेक अक्षर लावत वाचत होते. वर पंखा कुरकुरत हळूहळू फिरत होता.

“घराच्या पाटीवर मायचं नाव न्हाई, शेतावर न्हाई,” ते म्हणाले. “मी तिचं नाव लिवलेलं फक्त ह्याच्यावर पाहून राहिलो.”

इमारतींची कंत्राटं घेणारा तो माणूस सगळ्या गावासमोर रडला आणि रडता रडता त्यानं शेंगदाणे खाल्ले. सदाशिवरावांनाही दिले. मग डोळे पुसून त्यानं वंदनाला विचारलं की खोली केवढी लागेल. वंदनाच्या आधी मीच तोंड उघडलं. मी म्हटलं, दोन कपाटं जास्तीची, एक पुस्तकांना आणि एक डाळीला. नाव चंद्रभागेचं, हे कुणी ठरवलं नाही, ते सगळ्यांना आपोआप कळलं. इमारत होईपर्यंत डेअरीची खोली राहू द्यावी, हे मालकाला सांगायचं उत्तमरावांनी कबूल केलं. सदाशिवराव थोडा वेळ नकाशाची गुंडाळी उलगडत-गुंडाळत राहिले आणि शेवटी त्यांनी विचारलं, दाराला तरी कमान करता येईल काय. दाराला कमान करायचं ठरलं, आणि सदाशिवरावांनी ती रस्त्यावरून दिसली पाहिजे एवढी अट घातली.

सोमवारी कनेरगाव नाक्यावर ट्रंक चढवायला तीन माणसं लागली. हिंगोलीहून परभणीच्या गाडीत तोच कंडक्टर भेटला. आता काय हाय, असं त्यानं विचारलं. मी यादी सांगितली: तूरडाळ, हळद, पापड, चार लोणची, जवस, एक भोपळा. त्यानं यावेळी ट्रंकेचं तिकीट लावलं नाही. माणूस गेल्याची शंकाही त्याला राहिली नसावी.

गाडीत मला शाळेतली एक मुलगी आठवली. तिनं एकदा पुस्तक उशिरा परत केलं होतं आणि आत पिकलेली चिंच ठेवली होती, माझ्यासाठी. दोन पानं चिकटली होती. मी तिला दंड लावला आणि सगळ्या वर्गासमोर ती पानं उघडून दाखवली. ती नंतर कधी ग्रंथालयात आली नाही. मी तेव्हा तिला चुकार म्हटलं होतं. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी त्या मुलांना पुस्तकाची किंमत शिकवत होते, आणि ती मुलगी मला काय सांगत होती ते मला हिंगोली जिल्ह्यात जाऊन कळलं. तिचं नाव आठवायचा मी पुण्यापर्यंत प्रयत्न केला. आठवलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

घरी येऊन ट्रंक उपसली तर एका कोपऱ्यातून स्टीलचा डबा निघाला, तिळाच्या लाडवांनी भरलेला. वंदनानं नाक्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून घेतलेला असणार, कारण झाकणावर ठिपक्यांची ताजी अक्षरं होती: ‘चंद्रभागा सार्वजनिक वाचनालय’. इमारतीचा पाया अजून खणलेला नाही, पण तिचं नाव माझ्या ओट्यावर आहे.

लाडू चार दिवसांत संपले. डबा घासून, पुसून ठेवला आहे. तो परत करायचा आहे, आणि रिकामा करता येणार नाही. काय भरावं ते सुचत नाही. पुण्याची बाकरवडी घातली तर उगीच मिरवल्यासारखं होईल, पुस्तक त्यात मावत नाही. या गोष्टीला आज दोन महिने होऊन गेले. बत्तीस वर्षांत मी कुणाची वस्तू एक दिवस उशिरा परत केलेली नाही.